क्रूसावरचा हिंगूळ

धानोऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. चौकाच्या एका अंगाला मारुतीचा पार, दुसऱ्या अंगाला आमचा दगडी क्रूस. इंग्रजांच्या अमदानीत मिशनने उभारलेला. दर नाताळाला त्याला चुना द्यायचं काम माझ्या बापाकडे होतं. बाप्तिस्मा झाल्यापासून बाप फार काटेकोर झाला होता. पोळ्याला गावाचे बैल मारुतीला फेरी घालत आणि आमची जोडी गोठ्यात. पाळकांनी मनाई केली होती ती फक्त फेरीला. शिंगांना रंगही नको, हे बापाने आपल्या डोक्याने वाढवलेलं.

जोडीतला पांढरा बैल आईला माहेरहून मिळालेला, गोऱ्हा होता तेव्हा. आता त्याचे दात झिजले होते, कडबा चावेना. पुढचा पोळा तो पाहणार नाही, हे आईला कळून चुकलं होतं. आई वाद घालणारी बाई नव्हती. त्या बाबतीत मी तिच्यावर गेले नाही. पोळ्याच्या सकाळी मात्र ती चुलीपुढून उठली आणि बापाला म्हणाली, "तो मन्हा माहेरना शे. यंदा त्याले गोठामा ठेऊ नका."

बापाने बैल नदीवर धुतले, शिंगांना हिंगूळ लावला आणि मधला मार्ग काढला: फेरी नाही, नुसतं क्रूसापाशी उभं करायचं. बैलाला कुठला मधला मार्ग ठाऊक? वाजंत्री सुरू झाली तसा पांढऱ्याने कासरा हिसकला, बाप्तिस्म्याआधीच्या सवयीने मारुतीला फेरी घातली आणि परत येऊन क्रूसाच्या खांबाला ओलं शिंग निवांत घासत राहिला. गाव हसलं. बाप मान खाली घालून उभा. मला त्याची कीव आली आणि हसूही आवरेना.

थंडी पडायच्या आत बैल गेला. आई चारचौघांत रडली नाही, पण पाण्याला जाता-येता क्रूसापाशी थांबून हिंगुळाच्या त्या लाल डागावर हात टेकवायची. ते बाप बघायचा.

नाताळाआधी त्याने चुना कालवला. क्रूस पांढराशुभ्र झाला, तळहाताएवढा डाग तेवढा तसाच. उपासनेला आलेल्या पाळकांनी विचारलं, एवढंच कसं राहिलं? आईने पदर तोंडाशी धरला.

"तठे चुना धरत नही, साहेब," बाप म्हणाला.

बाप्तिस्म्यापासून बापाच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकच खोटं. पुढे तो होता तोवर दर नाताळाला तेच बोलला.