चुंबक उघडा न ठेवणारे घरमालक

निर्जीव वस्तूंची इतकी काळजी घेणारा माणूस अख्ख्या अंधेरीत दुसरा झाला नसेल. आणि माझे घरमालक तर चुंबकांना निर्जीव मानायलाच तयार नव्हते. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. घरात कपाटभर चुंबक. घोड्याच्या नालेसारख्या प्रत्येक चुंबकाच्या दोन टोकांवर मऊ लोखंडाची पट्टी आडवी बसवलेली. तिला ते कीपर म्हणत. ती ओढून काढायची नाही, हळूच सरकवायची, हा घरचा कायदा. सरळ चुंबक जोडीनं, उलटसुलट तोंडं करून ठेवलेले. हीच शिस्त पुढे चपलांना लागली, एक दाराकडे तोंड करून, दुसरी भिंतीकडे. पाहुणे निघताना दारात गिरक्या घेत. एकदा माझ्या हातून चुंबक सटकला आणि माझ्या पायावरून फरशीवर पडला. मास्तर धावत आले, "लागलं का रे?" मी पाय चोळत म्हटलं, "थोडं." तर म्हणतात, "तुला नाही रे, त्याला विचारतोय!"

मी आठवीत शाळा सोडून कुडाळहून आलेलो, सगळ्याचीच धास्ती. साकीनाक्याच्या एका गाळ्यात शाळांसाठी चुंबक खोक्यांत भरायचं काम होतं. पट्टी लावलेला चुंबक टाचणी उचलत नाही, म्हणजे पट्टी त्याची ताकद पिते, असं आमच्या शेठनी ठरवलं होतं आणि सगळ्या पट्ट्या काढून पोत्यात भरायला लावल्या होत्या. गोदामात वर्षभर उघडे पडलेले ते चुंबक एका शाळेनं कमजोर म्हणून परत पाठवले. शेठ माझ्यावर उखडले, "तू आपटतोस भरताना! सोमवारपासून येऊ नको."

घाबरलो की माझ्या तोंडून मालवणी निघते. घरी येऊन म्हटलं, "मास्तर, माजी वाट लागली. आता आवशीक काय सांगू?" माझ्या आईची काळजी राहिली बाजूला, मास्तरांचं लक्ष भलतीकडेच. "उघडे? वर्षभर उघडे?" म्हणत ते कपाळाला हात लावून बसले.

दुसऱ्या दिवशी ते टॉवेलात दोन चुंबक गुंडाळून, मला घेऊन गाळ्यावर हजर. "शेठ, हे जुळे. याला कायम पट्टी होती. आणि हा..." आवाज खाली आला, "याला मी प्रयोगासाठी मुद्दाम उघडा ठेवला. पापच केलं." पहिल्याची पट्टी सरकवून त्यांनी तो खिळ्यांच्या डब्यात घातला, तर त्याला खिळ्यांची दाढी फुटली. दुसऱ्याला जेमतेम चार खिळे चिकटले.

"पण पट्टी असली की हा उचलत नाही ना काही!" शेठ म्हणाले.

"अहो, तुम्ही घरी जेवायला बसलात की रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला हाका मारता का? पट्टीतून त्याचं बळ या टोकाकडून त्या टोकाकडे घरच्या घरी फिरतं. उघडा ठेवला की तेच बळ त्याच्यावर उलटतं. स्वतःच स्वतःला झिजवतो हो बिचारा!"

शेठनी त्या दाढीतला एक खिळा ओढून पाहिला. मग माझ्यावर ओरडले, "बघतोस काय? पोत्यातल्या पट्ट्या काढ बाहेर. लाव एकेक!" त्या ओरडण्याइतकं गोड मी मुंबईत काही ऐकलेलं नाही.

पुढे मास्तर लेकीकडे नागपूरला जायला निघाले. कपाट शाळेला दिलं. तो अशक्त जुळा मात्र नवी पट्टी लावून माझ्या हातात ठेवला.

"आता याची ताकद परत येईल, मास्तर?"

"नाही रे. गेली ती गेली. पण आहे तेवढी राहील."

रिक्षात बसल्यावर त्यांनी बाहेर हात काढून माझ्या खांद्यावर ठेवला. रिक्षा सुरू झाली, तेव्हा तो त्यांनी ओढून घेतला नाही. हळूच सरकवत काढला.