गिटारच्या आधी आभार

चेअरमन माइकमध्ये फुंकर मारत होते. शंख फुंकावा तशी, गाल फुगवून. मग त्यांनी माइकच्या डोक्यावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "हॅलो. हॅलो. बंधू आणि भगिनींनो."

खोलीत बंधू एकच होता, फ्रान्सिस. तो मांडीवर गिटार घेऊन बसला होता. भगिनी दोन. एक घरमालकीण भीमाबाय आणि दुसरी मी.

"हे रेकॉर्डिंग आहे," मी म्हणाले. मी हळू बोलते, असं मला शाळेपासून सांगण्यात आलं आहे.

"हां हां, करा की," चेअरमन म्हणाले आणि त्यांनी बर्फाच्या प्रश्नाला हात घातला.

मी पालघरला स्टेशनजवळच्या एका रेडिओच्या दुकानात काम करते. दुकान जयंतीशेठचं. रेडिओ दुरुस्त करणं, नवे विकणं, आणि लग्नाला नि सभेला लाउडस्पीकर भाड्याने देणं, हा धंदा. माझी शाळा मुंबईची, कॉन्व्हेंट. वडिलांची बदली इकडे झाली म्हणून मी इकडे आले. शेठकडे येणारे कॅटलॉग सगळे इंग्रजीत, म्हणून त्यांनी मला ठेवलं. वाचता वाचता मला माइक कळायला लागले. काउंटरवर बोलावं लागतं, एवढीच अडचण.

लाउडस्पीकरच्या धंद्यातला एक नियम शेठने मला सुरुवातीलाच सांगितला होता. "बेन, सभेत घड्याळ बघायचा नाय. आभार चालू झाले की वायर गुंडाळायला लागायचा. आभाराच्या नंतर माणूस थांबत नाय. मंत्री असू दे, नायतर वरबाप असू दे." मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

फ्रान्सिस वसईचा. तारापूरला जो मोठा प्रकल्प बांधतायत, तिथे ड्राफ्ट्समन. दिवसभर पाइपांची ड्रॉइंग काढायची आणि संध्याकाळी गिटार वाजवायची. मुंबईच्या एका हॉटेलातल्या बँडला गिटारवाला हवा होता. बँडमास्तरने निरोप पाठवला होता: भेटायला येऊ नका, आधी टेप पाठवा, आवडली तर बोलावू. फ्रान्सिसला प्रकल्पावरून रजा मिळत नव्हती, त्यामुळे टेप हीच त्याची सगळी आशा होती. ऑफिसातल्या एका अमेरिकन साहेबाने त्याला आपला टेपरेकॉर्डर वापरायला दिला, पण त्याचा माइक कधीच हरवला होता.

"स्वस्तातला द्या," तो दुकानात येऊन म्हणाला. "पण गिटार गिटारसारखी वाजली पाहिजे. मागच्या महिन्यात मी मित्राच्या माइकवर घेतली, तर पत्र्यावर खडे पडल्यासारखी आली."

शेठ म्हणाले, "बेन, गिऱ्हाईक तुझा. घरी जाऊन लावून दे."

घरी जायचं म्हटल्यावर आईने अट घातली. ब्रह्मचाऱ्याच्या खोलीत काम असलं तर दार सताड उघडं पाहिजे आणि घरमालकीण समोर पाहिजे. मी कबूल केलं. पुढे जे झालं त्याचं अर्धं मूळ त्या उघड्या दारात आहे.

फ्रान्सिस बोईसरहून पुढे, समुद्राकाठच्या एका कोळीवाड्यात भाड्याने राहत होता. पुढची खोली त्याची, मागची भीमाबायची. अंगणात बोंबील वाळत घातलेले आणि त्यांच्यावर टपलेले कावळे. रविवारी मी तिथे पहिला माइक घेऊन गेले. क्रिस्टल माइक. आमच्याकडचा नवा माइक घ्यायचा तर सगळ्यांत स्वस्त हाच. ह्याच्या पोटात एका क्षाराचा खडा असतो. आवाजाने खडा दाबला जातो आणि त्यातून बारीकशी वीज निघते. टेपरेकॉर्डरला तेवढी पुरते.

भीमाबायने मी फ्रान्सिसला सांगत असलेलं ऐकलं. "माइकात मीठ हाय?"

"मिठासारखंच काहीतरी."

"मंग खारवलेला माइक म्हना ना," ती म्हणाली आणि स्वतःच हसत बाहेर गेली. बाहेर तिने कोणाला तरी मोठ्याने सांगितलं, "फ्रान्सिसकडं माइक आलाय!"

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. वाडीत माइक येतो तो सत्यनारायणाला, लग्नाला, निवडणुकीला आणि सोसायटीच्या सभेला. नुसता माइक असा कधी येत नाही. त्यामुळे मासेमारी सोसायटीचे चेअरमन पांडू तांडेल धुतलेला सदरा घालून आले. सोसायटीला बर्फ वेळेवर मिळत नव्हता आणि त्याबद्दल त्यांना पुष्कळ बोलायचं होतं.

ते बोलले. मग फ्रान्सिसने वाजवलं. टेप ऐकली तर गिटार बारीक, सर्दी झाल्यासारखी. पुढच्या रविवारपर्यंत सराव करा म्हणून मी माइक त्याच्याकडे ठेवला, तर त्याने तो खिडकीत टांगून ठेवला. समुद्राच्या हवेने खडा ओला झाला आणि आठवडाभरात माइक मेला. फ्रान्सिसच्या मते तो चेअरमनांच्या फुंकरीने मेला. दोन्ही असू शकेल.

आता माझी कॅटलॉगची विद्या जागी झाली. मला वाटलं, माइक जितका चांगला तितकं रेकॉर्डिंग चांगलं. शेठच्या कपाटात एक परदेशी माइक होता, मखमलीच्या पेटीत. त्याला पिन पडलेली ऐकू येते, असं त्याच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं. फ्रान्सिसला तो परवडणार नव्हता, पण एक दिवसाच्या भाड्याने परवडत होता. दुसऱ्या रविवारी मी तो घेऊन गेले.

चेअरमन बोलले. शिवाय शाळेच्या मास्तरांनी स्वच्छतेवर चार शब्द सांगितले. मग फ्रान्सिसने डोळे मिटून एक तुकडा वाजवला आणि आम्ही टेप ऐकायला बसलो.

पिन पडल्याचं सोडून बाकी सगळं ऐकू आलं. समुद्र. कावळे. शेजारी कोणीतरी विळीवर नारळ खवत होतं ते. एस.टी.चा हॉर्न. भीमाबाय आणि शेजारीण जानकी मासळीच्या टोपलीवरून बोलत होत्या तेही. ह्या सगळ्याच्या मागे, दोन घरं सोडून कोणीतरी गिटार वाजवत असावं, अशी गिटार.

"थांब," भीमाबाय एकदम म्हणाली. "मागं घे. परत लाव."

फ्रान्सिसने टेप मागे घेतली. भीमाबाय निघून गेल्यावर जानकी हळूच पुटपुटली होती, "हिच्या टोपलीत वरती ताजं नि खालती शिळं."

"ह्यें ती बोलली?" भीमाबाय म्हणाली. "ह्यें मला तवा ऐकूच नाय आलं!" ती अंगणात गेली. "ए जानके! हिकडं ये. तू काय बोललीस तें यंत्रान पकडलंय!"

जानकी आली. टेप पुन्हा लागली. जानकी म्हणाली, हा आपला आवाजच नाही. म्हणून पुन्हा लागली. चेअरमनांनी दोन्ही बाजू ऐकून घेण्यासाठी ती आणखी एकदा लावायला सांगितली. गिटारचा तुकडा सगळ्यांना पाठ झाला, पण फ्रान्सिसला त्याचा उपयोग नव्हता.

जाताना भीमाबायने मला बाजूला घेतलं. "बाय, ह्यो माइक लय गुनाचा. केवढ्याला देशील?"

पुढच्या रविवारी दुपारी फ्रान्सिसचा मावसभाऊ टेप घेऊन बोईसरहून मुंबईला जाणार होता. सोमवारी बँडमास्तर माणूस ठरवणार होता. म्हणजे आता एकच रविवार उरला.

"रात्री रेकॉर्ड केलं तर?" मी विचारलं.

"दिवे लागले की व्होल्टेज पडतं. मग मशीन हळू फिरतं आणि सगळे सूर गडबडतात. आणि सगळे दिवे मालवून झोपल्यावर वाजवलं तर भीमाबाय ओरडते. तिला पहाटे बाजार असतो."

"तुमच्या ऑफिसात?"

"तिथे सुरुंग उडवतात."

"आमच्या दुकानात?"

"तुमच्या दुकानाच्या मागून गाडी जाते," तो म्हणाला. "मिस, तुम्हाला सवय झालीय."

दुकानात बसून मी विचार केला. चांगला माइक म्हणजे पुष्कळ ऐकणारा माइक, हे स्टुडिओत खरं. स्टुडिओत ऐकण्यासारखं दुसरं काही नसतंच. ह्या घरात पुष्कळ ऐकणारा माइक म्हणजे संकट. इथे समोरचं तेवढंच ऐकणारा हवा. थोडक्यात, बहिरा.

तसा एक आमच्याकडे होता. भाड्याच्या सामानात, सगळ्यात खाली. जाळी चेपलेली, मानेला चिकटपट्टी.

"तो बहेरा?" शेठ म्हणाले. "बेन, त्याला उमेदवाराने दाताने धरला तर भाषण ऐकू येते. फुकट ने म्हटला तरी कोण नेत नाय."

"तोच पाहिजे."

हा डायनॅमिक माइक. आत पातळ पडदा, पडद्याला तारेची गुंडाळी आणि शेजारी लोहचुंबक. पडदा हलला की तारेत वीज येते. ह्यात खडा नाही, त्यामुळे दमट हवेने तो मरत नाही आणि चेअरमनांनीही मरत नाही. वीज फार थोडी येते म्हणून माइक आणि टेपरेकॉर्डर यांच्यामध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो. लग्न जमवणाऱ्या माणसासारखा. दोघांचं थेट जमत नाही, मधल्याने जमतं. तो मी दुरुस्तीच्या भंगारातून काढला. सगळं मिळून क्रिस्टलपेक्षा स्वस्त पडलं.

रविवारी दुपारी मी पोचले तर अंगणातले बोंबील काढून तिथे चटया घातल्या होत्या. चटयांवर माणसं बसली होती. दारात एक खुर्ची होती, तिच्यावर चेअरमन. कोणीतरी नारळ आणला होता. मागचे दोन रविवार लोकांनी लक्षात ठेवले होते.

मी पिशवीतून माइक काढला आणि गर्दीतून आनंदाचा आवाज आला.

"अरे, ह्यो तर आपला! मंग्याच्या लग्नातला!"

"मानेची पट्टी बग. तोच हाय."

आतापर्यंतचे दोन माइक परके होते. हा घरचा निघाला. नारळ फुटला.

फ्रान्सिस आत गिटार जुळवत होता. त्याच्या कपाळावर घाम होता. "मिस, माझा भाऊ चारच्या गाडीने निघेल. तेवढ्यात हे संपेल का?"

"कार्यक्रमात काय काय आहे?"

"चेअरमन, मग मास्तर, मग शाळेच्या मुलींचं स्वागतगीत."

"स्वागत कोणाचं?"

"ते ठरलेलं नाही."

मी भीमाबायला म्हटलं, लोकांना जायला सांगा. ती म्हणाली, "कार्यक्रम चालू असताना कशी जातील? बरां दिसतं का तें?" चेअरमन उभे राहिले, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "बर्फ!"

बराच वेळ बर्फच चालला. मुली कंटाळल्या म्हणून त्यांचं स्वागतगीत आधी झालं. मास्तर खाकरून उठायला लागले. फ्रान्सिसने घड्याळाकडे पाहिलं आणि गिटार खाली ठेवली. त्याचा चेहरा पाहून मला शेठचा नियम आठवला.

मी जन्मात कधी चार माणसांसमोर बोलले नव्हते. शाळेत पारितोषिक घ्यायला नको म्हणून मी आजारी पडले होते. पण मास्तर माइकपर्यंत पोचायच्या आत मी पोचले. माइक बहिरा, मी हळू बोलणारी. म्हणून मी टेपरेकॉर्डरचा स्पीकर मोठा केला आणि माइक अगदी ओठांशी धरला.

"आता आभारप्रदर्शन," मी म्हणाले.

अंगण एकदम शांत झालं. मास्तर होते तिथेच थांबले.

"माननीय अध्यक्षांनी बर्फाविषयी मौलिक विचार मांडले, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. शाळेच्या मुलींची आभारी आहे. मास्तरांचे विचार वेळेअभावी राहिले, त्याबद्दल त्यांचीही आभारी आहे. भीमाबाईंनी जागा दिली, जानकीबाईंनी सहकार्य केलं. ज्यांची नावं अनवधानाने राहिली असतील त्यांनी राग मानू नये. अध्यक्षांच्या परवानगीने कार्यक्रम संपल्याचं जाहीर करते."

"अनवधानाने" हा शब्द मी शाळेत परीक्षेसाठी पाठ केला होता. तेव्हापासून तो तसाच पडून होता.

लोक उठले. एकाही माणसाने काही विचारलं नाही. चटया झटकल्या गेल्या, मुलांना काखोटीला मारलं गेलं, चपला शोधल्या गेल्या. कोणीतरी म्हणालं, "या टायमाला आटोपशीर झाला." बघता बघता अंगण रिकामं झालं.

मी वळले. फ्रान्सिस गिटार पेटीत ठेवून कुलूप लावत होता.

"तुम्ही काय करताय?"

"संपला ना कार्यक्रम?" तो म्हणाला. मग थांबला. "सॉरी."

मी माइक उशांवर टेकवून गिटारपासून वीतभर अंतरावर ठेवला. तारांखालच्या भोकासमोर नाही. तिथे ठेवला की ढोल वाजतो. गिटारची मान जिथे धडाला मिळते, तिथे. भीमाबाय काठी घेऊन कावळ्यांवर पहाऱ्याला बसली. फ्रान्सिसने वाजवायला सुरुवात केली.

तो छान वाजवतो. मला तोपर्यंत माहीत नव्हतं. कधी नीट ऐकायलाच मिळालं नव्हतं.

अर्धं झालं असेल, आणि उघड्या दारात चेअरमन उभे राहिले. "बाय, माझी छत्री राहिली." मी हात हलवला. ते म्हणाले, "नाय, छत्री. काळी." मी ओठांवर बोट ठेवलं. ते म्हणाले, "आनि बर्फाचा एक मुद्दा पन राहिला, तो एक..." फ्रान्सिसचे डोळे मिटलेले होते, पण गालावरची शीर उडत होती. तो थांबला नाही. शेवटच्या सुरापर्यंत गेला.

पुन्हा वाजवायला वेळ नव्हता. आम्ही टेप लावली.

गिटार आली. जवळून, गोल, एकेक तार वेगळी. समुद्र नाही, कावळे नाहीत. चेअरमनांची जागा आली तेव्हा फ्रान्सिसने कान स्पीकरला लावला. तिथे लांबवर कुठेतरी एक माशी गुणगुणली आणि गेली.

"माझा आवाज कुठं हाय?" चेअरमन म्हणाले.

"आला नाही," मी म्हणाले.

"मी एवढा बोललो, नि आला नाय?" ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "बाय, तुला शेठन फसवला. परत कर ह्यो माइक."

फ्रान्सिस टेप घेऊन सायकलवरून बोईसरला गेला. गाडी सुटायच्या आत भाऊ मिळाला. नोकरीही मिळाली. आता तो हॉटेलात वाजवतो आणि तिथला माइक फार उंची आहे, असं म्हणतो. बहिरा त्याने विकत घेतला होता, तो त्याने जाताना भीमाबायला देऊ केला. तिने घेतला नाही. तिला मखमलीच्या पेटीतला हवा होता.

एवढ्यावरून मी एक शिकले. घरात रेकॉर्डिंगसाठी माइक घ्यायचा तर त्याला काय काय ऐकू येतं, हे विचारू नये. काय ऐकू येत नाही, ते विचारावं.

गेल्या आठवड्यात सातपाटीहून दोन माणसं दुकानात आली. सोसायटीच्या सभेसाठी लाउडस्पीकर हवा होता. सामान ठरलं, तरी ती जाईनात. शेवटी एकाने विचारलं, "संगती त्या आभाराच्या बाय मिळतील का? आमचे वक्ते लवकर बसत नाय."

मी कॅटलॉगमागे तोंड लपवलं.

"मिळतील," शेठ म्हणाले. "पण बेन फार हळू बोलते."

"चालेल," तो म्हणाला. "आभार कोन ऐकतो?"