कुठे विचारायचं नाही

चिंबोरी अंकलना 'कुठे' हा शब्द चालायचा नाही. म्हणजे अजिबातच नाही! निघताना कुणी "कुठे चाललात?" विचारलं की अंकल दारातून परत फिरायचे, चपला काढायचे, सोफ्यावर बसायचे, ग्लासभर पाणी प्यायचे आणि मगच पुन्हा निघायचे. वसईला त्यांचे वडील खाडीवर चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडायला जायचे, त्यांचा हा नियम. "शिकारीला निघालेल्याला कुठे विचारायचं नाही, बाय. विचारलंच कुणी तर बसून पाणी प्यायचं, दोष जातो. पण उत्तर दिलंस तर खलास! रिकाम्या हाताने घरी."

अंकल आणि आंटी अजमानला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. अंकल दुबईत एका हॉटेलात कामाला होते, रोज टाय लावून जायचे. पण शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्च उरकलं की टाय गायब आणि अर्धी चड्डी हजर. मग आम्ही चौघं, म्हणजे आईबाबा, मी आणि माझा धाकटा भाऊ बंटी, त्यांच्या गाडीत एकमेकांच्या मांडीवर कोंबून बसायचो आणि यल्ला, चला, उम अल क्वैनची खाडी! अंकल-आंटींना स्वतःचं मूल नाही हे माझ्या खूप उशिरा लक्षात आलं, कारण ती गाडी मला कधी मुलांशिवाय दिसलीच नव्हती.

प्लॅनिंग मात्र आठवडाभर चालायचं. अंकल पेपरात ओहोटीची वेळ बघायचे आणि आमचं जेवण, बंटीची झोप, बंटीची शू, सगळं त्या ओहोटीला जुळवायचे. लिफ्टमध्ये भेटले तरी तेच. "वहिनी, सँडविचं जास्त करा. लहान मुलांची शिकार म्हणजे शिकार कमी, खाणं जास्त." प्रत्येकाला काम ठरलेलं असायचं. मी दोरीला कोंबडीची मान बांधायची, बंटीने बादली सांभाळायची. पुण्याच्या माझ्या आईचं काम नाक दाबून लांब बसणं. जाळी फक्त अंकलकडे. आणि आम्ही अगदी रंगात आलो की नेमके ते टाळी वाजवायचे, "खलास, चला घरी!" आम्ही किंचाळायचो. बाबा म्हणायचे, अहो थोडं थांबू या की. "नाही हो. मुलं कंटाळायच्या आधी उठायचं. मग पुढच्या शुक्रवारी ती स्वतःच दारात उभी राहतात."

आणि खरंच राहायचो! एकदा बंटीने दारातच विचारलं, "अंकल, व्हेअर आर वी गोइंग?" झालं, अंकल सोफ्यावर.

"इंग्लिशमधलं पण धरायचं?" बाबा हसायला लागले.

"चिंबोरीला इंग्लिश येतं, साहेब. इथे राहायचं तर सगळ्यांनाच यावं लागतं."

पोटाखाली अंड्यांचा गुच्छ असलेली चिंबोरी आली की ते ती अलगद पाण्यात सोडायचे. "ही फॅमिली व्हिसावाली आहे, हिला नाही धरायचं." त्यामुळे फॅमिली व्हिसा म्हणजे चिंबोऱ्यांचंच काहीतरी असणार, असं मला कित्येक वर्षं वाटायचं.

एकदा खालच्या वॉचमनने "किधर?" विचारलं आणि बाबांनी सवयीने सांगून टाकलं, "उम अल क्वैन." अंकलनी कपाळाला हात लावला. त्या दिवशी खरंच एकही चिंबोरी नाही! बंटीचे ओठ थरथरायला लागले तसे अंकल "पेट्रोल भरून येतो" म्हणून गाडी घेऊन गेले. आले, आणि थोड्या वेळाने बघतो तर काय, बादली भरलेली! आम्ही नाचतोय आणि आई बादलीत वाकून बघतेय.

"अहो भाऊजी, ह्यांना बर्फ लागलाय. खाडीत बर्फ कुठून आला?"

"थंडी किती पडलीये, वहिनी!"

आई इतकी हसली की नाक दाबायचंच विसरली.

त्याच दिवशी परतताना अंकल मला म्हणाले, "पुढच्या थंडीत जाळी तुझ्या हातात, बाय." मला झोप येईना! तिथल्या उन्हात खाडी बंद, म्हणून मी उन्हाळाभर घरात उशीच्या खोळीने चिंबोऱ्या पकडत होते.

त्या उन्हाळ्यात अंकल बारीक होत गेले. टाय ढिला दिसायला लागला, मग टाय लावणंच बंद झालं. मी जाऊन विचारायचे, थंडीत सँडविच कुठलं न्यायचं? ते सोफ्यावर पडूनच प्लॅन करायचे, "अंड्याचं. आणि बंटीला दुसरी चड्डी." मग एक दिवस आई म्हणाली, अंकल सुट्टीवर चाललेत. पण आंटीने आईला त्यांचा प्रेशर कुकर देऊन टाकला होता. सुट्टीवर जाणारं कुणी कुकर देऊन जातं का?

बाबा बॅगा घेऊन लिफ्टपाशी उभे होते. अंकल आंटीचा हात धरून निघाले आणि मी दारातून जोरात ओरडले, "अंकल, कुठे चाललात?"

"अगं गप!" आईने माझा दंड धरला.

पण अंकल थांबले. परत फिरले. आमच्याकडे आले, वाकून बूट काढले, त्यालाच किती वेळ लागला, आणि आमच्या सोफ्यावर बसले. आईने पाणी दिलं. ते प्यायले, उठले, बूट घातले. मी पुन्हा विचारलं, "अंकल, कुठे चाललात?"

"फ्लाइट आहे गं," बाबा म्हणाले. अंकल पुन्हा बसले. पुन्हा पाणी. मला वाटलं, जमतंय! मी विचारत राहीन, ते बसत राहतील, विमान निघून जाईल.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी रडत होते. अंकल बसले नाहीत. भिंतीला धरून माझ्याएवढे खाली वाकले.

"वसईला, बाय."

लिफ्ट गेली. बंटी माझा फ्रॉक ओढत होता, "ताई, ही आन्सर्ड. व्हाय डिड ही आन्सर?"

थंडी सुरू व्हायच्या आधी आंटीचा फोन आला. आई रिसीव्हर धरून रडत होती. काय झालं, हे मी विचारलं नाही.

मग थंडीतल्या पहिल्या शुक्रवारी दुपारी बंटी बादली घेऊन दारात उभा. बाबांनी पेपरातून मान वर केली, "कुठे रे?"

बंटीने बाबांकडे पाहिलं. बादली खाली ठेवली, चपला काढल्या, सोफ्यावर जाऊन बसला. आणि आमचा बंटी, जो घरात एक वाक्य मराठीत बोलायचा नाही, तो म्हणाला,

"ताई, पाणी दे."