कल्हई उडालेल्या पातेल्यातलं संत्रं

अंड्याचा वास मला आजही सोसत नाही. साबणाने तीनदा हात धुवा, तो बोटांच्या पेरांत बसून राहतो आणि घास उचलला की वर येतो. शी.

आमच्या धरमपेठेतल्या घरात अंडं येत नसे. वडील दर शनिवारी बर्डीच्या बाजारात हातगाडीवरचं आमलेट खाऊन, वर बडीशेप चघळत यायचे, ते वेगळं. मी एका मैत्रिणीकडे केक खाल्ला होता, त्यामुळे घरात उघडपणे बाटलेली मी एकटीच. आईने मात्र जन्मात अंड्याला तोंड लावलं नव्हतं.

आणि त्या थंडीत तिलाच अंड्याचा पदार्थ करायचा होता. ती महिला मंडळात स्वयंपाकाच्या वर्गाला जायची. शिकवणाऱ्या बाईंच्या नवऱ्याची बदली झाली होती. जिचं ऑरेंज कर्ड उत्तम होईल तिने पुढे वर्ग चालवायचा, असं ठरलं. संत्र्याचा रस, अंडी, साखर आणि लोणी मंद आचेवर घोटायचं, त्यात दालचिनी-लवंगेची पूड घालायची आणि तो दाट लगदा पावाला लावून खायचा. हे माणसं हौसेने खातात म्हणे. आईला ती जागा फार हवी होती. मॅट्रिक झाल्यापासून तिला कुणी काही शिकवायला सांगितलं नव्हतं.

वडिलांनी हो म्हटलं, पण अंडी स्वयंपाकघरात आणायची नाहीत आणि चांगल्या भांड्यात तर मुळीच शिजवायची नाहीत. मग माळ्यावरचं पितळेचं पातेलं निघालं. त्याची आतली कल्हई पार उडालेली. तशा पितळेत आंबट ठेवलं की कळकतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कल्हईवाला काही गल्लीत फिरकला नव्हता. आईने मनाशी ठरवलं, साखर पुष्कळ आहे, शिजायला दहा मिनिटं, तेवढ्यात काय होतंय.

मागच्या अंगणात शेगडी पेटवली आणि ढवळायला मला बसवलं. आच वाढली की अंड्याचे पांढरे धागे तरंगायचे, कमी केली की ते दाट होईना. दहा मिनिटांचा तास झाला. लवंग पडली तरी अंड्याचा वास काही दबला नाही. कडेने हिरवट साय धरली.

आईने चमचा पुढे केला. "कळक लागते का पाह्य वं. मले तर चाखता येत नाही."

लागत होती. तांब्याचा पैसा चोखावा तशी चव, जीभ आक्रसून गेली. पण हो म्हटलं असतं तर तिने सगळं ओतून पुन्हा मांडलं असतं, आणि पुन्हा मलाच ढवळायला बसवलं असतं. मला ती घाण घरातून जायला हवी होती.

"नाही लागत," मी म्हणाले. "छान झालं."

तिने बरणी भरली, ठेवणीतलं पातळ नेसली आणि पायीच गेली. दोन तासांत परत आली तेव्हा बरणी जवळपास भरलेलीच होती. वर्ग दुसऱ्या बाईला मिळाला होता. शनिवारच होता. वडील बडीशेप चघळत म्हणाले की अंड्याचं असंच होतं, त्याला हात बसलेला लागतो. मला त्यांची किळस आली, ती अजून गेलेली नाही.

आई मला मागच्या अंगणात घेऊन गेली. खरंच कळक लागली नव्हती का, तिने विचारलं. मी पुन्हा नाही म्हणाले. तिने बरणीतून चमचा भरून माझ्या तोंडाशी धरला. मी गिळला आणि तिथेच मोरीपाशी भडभडून ओकले.

तिने माझं कपाळ धरून ठेवलं. पदराने तोंड पुसलं. रागावली नाही, त्याचाच मला जास्त त्रास झाला.

"साऱ्या बाया थुंकल्या," ती म्हणाली. "मी म्हटलं, खराब होऊच शकत नाही, माझ्या पोरीनं चाखलं आहे. मंग बाई म्हणाल्या, तुम्हीच खाऊन पाहा. मी खाल्लं वं. जन्मात पहिल्यांदा अंडं तोंडात घेतलं, तुझ्या भरवशावर."