छाटणीआधीची नजर

नव्वदचं दशक सरत आलं होतं. वडिलांच्या मणक्याच्या ऑपरेशनसाठी आम्ही नाशिकच्या एका दवाखान्यात होतो, तिथे मी तिला पाहिलं. शेजारच्या खाटेवर तिचा नवरा होता. मधुमेहानं त्याचं पाऊल काळं पडलं होतं आणि पाय गुडघ्याखाली कापायचं ठरलं होतं.

निफाडकडची द्राक्षबागवाली बाई. डोक्यावर पदर, हाताला कात्रीचे घट्टे. डॉक्टर आले तसे आम्ही सगळे अदबीनं उभे राहिलो. ती हात जोडून म्हणाली, "डाक्टरसाहेब, राग मानू नका. कागद द्या, दुसऱ्या डाक्टरला दावून येते. बाग छाटायच्या आधी आम्ही शेजाऱ्याला वेलाची काडी बघायला बोलावतो. कापल्यावर बोलावून काय उपेग?"

इतक्या साध्या आवाजात इतकं मोठं धाडस मी कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनी कागद काढून तिच्या हातात दिले आणि म्हणाले, "घेऊन जा. पण आजच्या आज परत या."

संध्याकाळी ती परतली. "त्यांनीबी हेच सांगितलं," म्हणाली. नवऱ्याच्या गुडघ्यावरून तिनं एकदा हात फिरवला आणि संमतीच्या कागदावर न अडखळता अंगठा उठवला. "आता मनात काय ऱ्हायलं नाय. कापा."

डॉक्टरांना देव मानणारे माझे वडील हे सगळं टक लावून बघत होते. मला जवळ बोलावून ते हळूच म्हणाले, "आपले पण एक्स-रे मागून घे."