दाजींनी न घेतलेलं कार्ड

रविवार, संक्रांतीच्या आधीचा. ठिकाण उदगीर, थोरल्या बहिणीचं घर. हजर : बहीण, तिचे यजमान म्हणजे आमचे दाजी, हैदराबादहून दोन दिवसांसाठी आलेली त्यांची एकुलती एक लेक प्राजू, आणि नांदेडहून बोलावून घेतलेला मी. टेबलावर नवा कोरा कॉम्प्युटर, बाजूचा पत्रा काढलेला, पोटात एक जागा रिकामी. विषय : त्या जागेत कोणतं ग्राफिक्स कार्ड बसवायचं. मागच्या बैठकीचा विषयही हाच होता, आणि त्याच्या मागच्याही.

आमच्या दाजींइतकी ग्राफिक्स कार्डं साऱ्या मराठवाड्यात कोणी तोंडपाठ केली नसतील आणि त्यांच्याइतकी कोणी नाकारलीही नसतील. दाजी मोंढ्यात धान्याची आडत करतात. मूठभर तूर तळव्यावर घेऊन, एक दाणा दाताखाली फोडून, माल कुठल्या शिवारातला आणि किती ओला हे ते क्षणात सांगतात. पण कार्डाच्या बाबतीत हा माणूस निव्वळ कागदावर चालतो. कार्डात कोअर, म्हणजे हिशेब करणारे गडी किती, ते सेकंदाला किती ठोके देतात, याचा गुणाकार करून ते कागदोपत्री ताकद काढतात, मेमरी वेगळी मांडतात. शेवटी दोनने का गुणायचं, असं मी एकदा विचारून बसलो. "एका ठोक्याला दोन हिशेब करतंय ते, पाव्हणे," दाजी म्हणाले. "आमचा मुनीम दोन ठोक्याला एक बी करत न्हाई." मेमरी मोठी पण तिचा रस्ता अरुंद अशा एका कार्डाचा तर त्यांना मनापासून राग होता. "गोदाम हे एवढं अन् दार खिडकीएवढं! हमालानं पोतं घेऊन काय आडवं घुसावं?"

हे ज्ञान घरापुरतं राहिलं असतं तर माझी तक्रार नव्हती. शिरूर अनंतपाळला नात्यातल्या एका मुलीचं स्थळ बघायला गेलो होतो. मुलगा कॉम्प्युटर इंजिनियर. सगळे पोहे खात असताना दाजींनी त्याला त्याच्या मशीनमधलं कार्ड विचारलं. मुलगा म्हणाला, "बघावं लागेल." बाहेर आल्यावर दाजींनी निकाल दिला, "पोरगं सालस हाय, पण घरात काय हाय ते त्यालाच ठाऊक न्हाई. संसारात काय बघणार?" लातूरच्या दुकानदाराने तर त्यांच्यासाठी वेगळं स्टूल ठेवलं आहे. "काका, आज घेणार का?" "आज फकस्त बघून राहिलो." नांदेडचं काम माझ्याकडे. तिथल्या दुकानात खोक्यांवरचे आकडे उतरवून घेताना मला लोकांनी दोनदा कर खात्याचा माणूस समजून चहा पाजला आहे. दर वेळी आकडे कळवायचे, दर वेळी दाजींनी म्हणायचं, "चांगलं हाय, पण उन्हाळ्यात नवीन येऊन राहिलंय. जरा दम धरू." मी वक्तशीर माणूस आहे, घेतलेलं काम संपवतो. या कामाने मला संपवत आणलं आहे.

तरी मी नाही म्हणत नाही, याला कारण आहे. प्राजू हैदराबादच्या एका कंपनीत न बांधलेल्या इमारती पडद्यावर उभ्या करून फिरवून दाखवण्याचं काम करते. नोकरी लागली त्या वर्षी ती सहज बोलून गेली होती, "बाबा, घरूनही करता आलं असतं काम, पण ऑफिसातल्यासारखं कार्ड इथं कुठंय?" बस्स. दाजींनी ते वाक्य धरलं. ते कार्डाची कार्डाशी तुलना करत नव्हते. प्रत्येक कार्डाची तुलना हैदराबादच्या त्या एका कार्डाशी करत होते. ते कागदावर मागे पडलं की लेक घरी, असा सरळ सौदा होता.

त्या रविवारी दोन कार्डं शेवटच्या फेरीत होती. दाजींनी दोन्हींचे गुण वाचून दाखवले. बहीण म्हणाली, "भाऊ, ह्यांनी माझ्याशी लगीन कसं काय केलं रे, एवढं न बघता?" "तवा नवीन येणार न्हवतं," दाजी म्हणाले. प्राजू इतकी हसली की तिला ठसका लागला.

जेवणं झाली आणि तिला ऑफिसचा फोन आला. तिने पिशवीतून वहीएवढा पातळ लॅपटॉप काढला, मांडीवर उघडला आणि त्यावर बावीस मजली इमारत गरगर फिरवू लागली. दाजी चष्मा सावरत पुढे झाले.

"ह्याच्यात कोणतं कार्ड हाय?"

"ह्यात कुठलं कार्ड, बाबा? काम ऑफिसच्या मशीनवरच चालतं. इथं नुसतं चित्र येतं."

"म्हंजी कुठून बी करता येतंय?"

"हो."

"कवापासून?"

प्राजूची बोटं थांबली. "झालं की... बरेच दिवस."

बहिणीने उगाच ताटं उचलली. मी कॉम्प्युटरच्या पोटातली रिकामी जागा बघत बसलो. लेक कधीही येऊ शकत होती. कार्ड आड येत नव्हतंच.

मोंढ्यातले जुने लोक अजून रुमालाखाली हात घालून भाव ठरवतात. बोट दाबलं की आकडा कळतो. मागणाऱ्याची अडचण आणि नकार देणाऱ्याची लाज, दोन्ही झाकलेलं राहतं. प्राजू लहान असताना दाजी तिच्याशी बिस्किटांचा सौदा असाच करायचे. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, तिच्या हातावर टाकला आणि खाली आपला हात घातला. रुमाल जरासा हलला. काय मागितलं कोण जाणे. घरी येऊन राहायचे महिने असतील, नाहीतर नुसते दिवस. प्राजू मान खाली घालून बसली होती. रुमाल परत हलला नाही. सौदा फिसकटला की मोंढ्यात हात झटकून मोकळे होतात. इथे दोघांनीही हात झटकला नाही. प्राजूच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते तसेच बसून राहिले.

परवा दाजींचा फोन आला. मला वाटलं, आता तरी हा विषय मिटला. "पाव्हणे, उन्हाळ्यात जे येऊन राहिलंय ना, त्याचे आकडे लागलेत बघा. तुमच्या दुकानात विचारा की."

"विचारतो," मी म्हणालो.

कॉम्प्युटरचा बाजूचा पत्रा बसवायचा अजून राहिला आहे. चार स्क्रू बहिणीने स्टीलच्या वाटीत घालून देवळीत ठेवलेत. मी निघताना वाटी हातात घेतली होती, तर ती म्हणाली, "राहू दे रे, उघडंच बरं हाय."