उपाशी गोधडी

आमच्या दिवाणात एक गोधडी आहे. तिचा एक कोपरा मी माझ्या हातानं शिवलेला आहे. का शिवला, हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. निर्मलाला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटतं की उंदरानं कुरतडला म्हणून. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं सांगायचं तर आधी अनुसयाबाई सांगाव्या लागतील. गल्लीनं त्यांना चोर म्हटलं, आणि तो शब्द पहिल्यांदा माझ्या तोंडून निघाला होता.

अनुसयाबाई आमच्या गल्लीच्या टोकाला राहायच्या. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, साड्यांच्या पट्ट्या विणून पायपुसणी, उसवलेल्या स्वेटरच्या लोकरीची तोरणं, असं त्यांचं काम. रद्दी भिजवून तिच्यात वाटलेली मेथी घालून लगदा करायच्या, आणि त्याच्या टोपल्या उन्हात वाळत टाकायच्या. आख्खी गल्ली कडवट वासानं भरून जायची. पण त्यांना जुना कपडा द्यायचा म्हणजे चौकीत जबाब द्यायला गेल्यासारखं वाटे. कपडा उन्हात धरून बघायच्या, हुंगायच्या. मग शिवणीतला एक दोरा ओढून त्याला काडी लावायच्या. राख झाली तर सुती. गोळी झाली तर कपडा अंगावर परत. "सुती म्हणून टेरिकॉट गळ्यात घालता व्हय? ठेवा तुमच्यापाशी, भांडेवालीला द्या."

त्यातून कपडा पास झाला, की खरा सवाल यायचा. "कुणाचं हाय? अन् त्याला ठाऊक हाय का?"

एकदा समोरच्या वहिनींनी नवऱ्याचे सदरे आणले. अनुसयाबाईंनी विचारलं, "भाऊला ठाऊक हाय?" वहिनी म्हणाल्या, "त्यांना काय कळतंय त्यातलं?" अनुसयाबाईंनी बोचकं पुन्हा गाठ मारून त्यांच्या कडेवर ठेवलं. "मग भाऊलाच घेऊन या. न विचारता आणलेल्या कपड्याची गोधडी ऊब देत नाय." वहिनी फणफणत गेल्या. दुसऱ्या दिवशी भाऊ गल्लीभर आपला कुठला तरी लग्नातला सदरा शोधत फिरत होते, तेव्हा त्या दारात बसून सुईत दोरा ओवत होत्या आणि मान वर न करता हसत होत्या.

गोड बोलणाऱ्यावर त्यांचा भारी राग. म्हणायच्या, "इस्त्रीचा कपडा अन् गोडबोल्या माणूस, दोघांवर आधी पाणी मारून बघावं. मग कळतं, रंग कुणाचा जातो ते."

आणि त्यांचा एक रिवाज होता. गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करण्याआधी त्या आत भाकरीचा तुकडा ठेवायच्या. मी एकदा हसलो, तर सुई माझ्यावर रोखून म्हणाल्या, "हसू नका, दिगूभाऊ. हिलाबी पोट असतं. उपाशी गोधडी माणसाला खाती." गल्लीत सगळ्यांना हे ठाऊक होतं. पांघरताना कोपऱ्यात काही टणक लागलं, की पोरं म्हणायची, अनुसयाबाईंची भाकरी.

माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा दुपारी तिच्याजवळ बसायला अनुसयाबाई यायच्या. आमचं शेतीवालं घर. गावाकडं असतो तर त्या ओसरीवरच थांबल्या असत्या, आणि आम्हीही आत या म्हटलं नसतं. इथं शहरात आईनं त्यांना आपल्या उशाशी बसवलं. त्या "जय भीम, आक्का" म्हणत आत यायच्या, आणि आई "ये गं अनुसये" म्हणायची. ट्रंकेतली लुगडी आईनं एकेक करून त्यांच्या हाती दिली. माझा शाळेतला विटकरी स्वेटरही दिला. तो माझ्यासमोर उसवला. अनुसयाबाईंनी त्याही वेळी विचारलं, "दिगूभाऊ, तुमचा हाय. उसवू का?" मी म्हटलं, उसवा.

वाळूजच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून मी घरी यायचो, तर दोघींची कुजबुज माझ्या चपलांच्या आवाजासरशी थांबायची. आई छताकडे बघायची, अनुसयाबाई सुईकडे. मी निर्मलाला म्हटलंही, "ह्या बाईचं काहीतरी चाललंय." ती म्हणाली, "मला तर आधीपासनंच वाटतंय."

आई गेली. तेराव्याला माझी बहीण लता लातूरहून आलेली होती. पाहुणे जेवून उठल्यावर तिनं हळूच विचारलं, "दादा, आईची बोरमाळ कुठंय रे?" ट्रंक उघडली. बोरमाळ नव्हती. गाद्या झाल्या, डबे झाले, देव्हारा झाला. लता माझ्याकडे बघत होती. गावाकडच्या जमिनीवरचा हक्क तिनं मी सांगितल्याबरोबर सोडला होता. कागद वाचलासुद्धा नव्हता. आता ती वाचत असल्यासारखी माझं तोंड बघत होती.

"दादा, मला नको रे. फक्त बघायची होती," ती म्हणाली.

तिच्या डोळ्यांतला संशय मला सोसवेना. दारात गल्लीतल्या बायका उभ्या होत्या. मी मोठ्यानं म्हणालो, "रोज दुपारी ट्रंकेपाशी कोण बसत होतं, हे मी सांगायला पाहिजे का? चोर घरात बसवून घेतला आम्ही."

कुणी प्रश्न विचारला नाही, पुरावा मागितला नाही. आमच्यासारख्या घरात संशय कुणावर घ्यायचा हे शिकवावं लागत नाही. नाव न घेताच सगळ्यांना कळलं. लता मात्र संध्याकाळच्या गाडीनं निघून गेली.

ती गेल्यावर एक-दोन दिवसांनी अनुसयाबाई गोधडी घेऊन आल्या. आईची सगळी लुगडी तिच्यात ओळखू येत होती. "ही लताची. आक्कानं सांगितलंय, तिच्याच हातात द्यायची. मीच जाणार होते, पर गुडघे साथ देईनात."

मी विचारलं, "बोरमाळ कुठंय?"

त्या दचकल्या नाहीत. दारात बसल्या. गोधडी मांडीवर घेऊन म्हणाल्या, "आक्कानं शपथ घातलीय, दिगूभाऊ. गोधडी पोचवा, मग लतालाच विचारा."

"म्हणजे लतावर ढकलता?"

"मी कुणावर कायबी ढकलत नाय. पोचवता का, तेवढं बोला."

मी म्हटलं, पोचवतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कपडा उन्हात धरून बघायच्या तसं. वाटलं, आता दोरा ओढून काडी लावणार. पण त्यांनी नुसतीच मान हलवली आणि गोधडी माझ्या हातात दिली. साऱ्या जन्मात त्यांनी कपडा न तपासता घेतला नाही. माणूस मात्र त्या दिवशी न तपासता घेतला.

चोरीचं पाप फेडायला शिवलेली गोधडी, असं मनाशी म्हणून मी ती दिवाणात टाकली. लताला कळवलंही नाही.

गल्लीतले कपडे अनुसयाबाईंकडे जाणं थांबलं. त्या दिसल्या की बायका दारं ओढून घ्यायच्या. गुलमंडीतल्या ज्या दुकानाच्या पायरीवर बसून त्या शिंप्यांचं कातरण निवडायच्या, तिथल्या शेठजींनीही कुणाकडून तरी ऐकलं आणि त्यांना बसता येऊ नये म्हणून पायरीवर पाण्याचे माठ मांडले. अनुसयाबाई भांडल्या नाहीत. एकदाच माझ्या दारी आल्या.

"गोधडी पोचली का?"

"पोचली," मी म्हणालो.

"काय म्हणली लता?"

"छान आहे म्हणाली."

"एवढंच?"

"एवढंच."

त्या उंबऱ्याकडे बघत राहिल्या. मग "बरं" म्हणाल्या. तो शब्द कसा होता ते मला अजून नीट सांगता येत नाही. लता लबाड निघाली की मी, हे त्या ठरवत होत्या, आणि ठरवून झालं तेव्हा त्यांनी पदर सारखा केला. गल्लीत मात्र आईची शपथ मोडली नाही. पुढच्या महिन्यात खोली सोडून त्या लेकीकडे राहायला गेल्या.

थंडीत निर्मलानं ती गोधडी काढली. म्हणाली, "कोपऱ्यात टोचतंय हो काहीतरी." मी म्हटलं, "वाळलेली भाकरी असेल." झोपलो त्याच गोधडीत. ती रात्र आणि पुढच्या कित्येक रात्री.

मग उंदीर झाले घरात. एका रविवारी निर्मला बाजारात गेलेली असताना मी गोधडी उन्हात टाकायला उचलली, तर तो कोपरा कुरतडलेला. भोकातून विटकरी लोकर बाहेर आली होती. माझ्या स्वेटरची. ओढत गेलो तशी ती उलगडत गेली, आणि आतून बोरमाळ निघाली. मण्यांना भाकरीचा चुरा चिकटला होता. पोटात सोनं घालूनही अनुसयाबाईंनी गोधडीला घास द्यायचं सोडलं नव्हतं. उंदीर त्या घासासाठीच आला होता.

आईला भरवसा नव्हता की मी लताला काही देईन. म्हणून तिनं लेकीचं लेणं गोधडीत लपवलं आणि राखायला परकी बाई निवडली. आईनं पोटच्या पोरावर घेतलेला संशय खरा ठरला. लताचाही ठरला, त्या दिवशी तो खोटा होता, पण मी तो खरा करून दाखवला.

मी काय केलं? बोरमाळ परत लोकरीत गुंडाळली, कोपऱ्यात कोंबली, आणि निर्मला यायच्या आत कोपरा शिवून टाकला. माझ्या मुलीच्या लग्नाचं बोलणं तेव्हा सुरू होतं, आणि बोरमाळ तिच्या गळ्यात कशी दिसेल हे मनात येऊन गेलं होतं. हेही लिहितो, नाहीतर हे सगळं लिहिण्याला अर्थ नाही. भाकरी घालायचं मात्र सुचलं नाही.

अनुसयाबाई तेव्हा जिवंत होत्या. त्यांच्या लेकीकडे जायचं म्हणून एकदा घरातून निघालो. क्रांती चौकापर्यंत गेलो. तिथं गाडी लावून चहा घेतला, पहिलं वाक्य काय बोलायचं ते जुळवत बसलो, आणि जुळलं नाही म्हणून परत आलो. त्या गेल्याचं मला समोरच्या वहिनींकडून कळलं. वहिनी म्हणाल्या, "कशी का असेना, हात चांगला होता बाईचा." मी मान हलवली.

मुलीचं लग्न झालं. बोरमाळ काढली नाही. लता लग्नाला आली, अक्षता टाकून त्याच दिवशी गेली.

आता देणं सांगतो. गोधडी आणि बोरमाळ लताची आहे. ती माझ्याकडून अजून तिच्या हातात गेलेली नाही. आणि अनुसयाबाईंनी काहीही चोरलं नव्हतं, हे ज्या दारात उभं राहून मी त्यांना चोर म्हटलं, त्याच दारात, त्याच बायकांसमोर, त्यांच्या लेकीला बोलावून मोठ्यानं सांगायचं आहे. तेही अजून सांगितलेलं नाही.